दक्षिणमुखी रेडिओ

आमच्या अक्कांसमोर कुणी रात्रीच्या रेडिओची तारीफ केलेली त्यांना खपत नसे. एखादा पाहुणा रंगात येऊन सांगत असायचा, आमचा सेट रात्री दिल्ली धरतो, सिलोन धरतो, कुठल्या कुठल्या मुलखातल्या बायका गातात ते ऐकू येतं. अक्का त्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "रात्री तर कुत्रंबी चार गावं ऐकू येतंय. भर दुपारी परभनी बोलती का, त्ये सांगा." पाहुणा गप्प झाला की त्याला चहा मिळायचा. गप्प नाही झाला तरी मिळायचा, पण साखर कमी पडायची.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. नाव गिरिजा, पण घर, गल्ली आणि निम्मा शिवार त्यांना अक्काच म्हणे. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा मंगल नावाची लहान मुलगी कडेवर घेऊन त्या माहेरी आल्या आणि धाकट्या भावाची शेती अशी काही हातात घेतली, की भावालाच आपल्या शेतात काय पेरलंय ते त्यांना विचारावं लागे. तो भाऊ म्हणजे आमचे हे. मी लातूरची. बहात्तरच्या दुष्काळाआधी एक वर्ष लग्न होऊन देवणीजवळच्या या गावात आले. येताना आईने बजावलं होतं, घरात नणंद आहे, जिभेला आवर घाल. आवर घालायची वेळच आली नाही, कारण अक्कांच्या बोलण्यात मध्ये फट सापडत नसे.

अक्कांना बैलाची पारख होती आणि त्याचा त्यांना भारी गर्व होता. देवणीच्या जनावरांचा तो मुलूख. बैल घ्यायचा तर गावातले बाप्ये अक्कांना बाजारात घेऊन जात आणि घरी येऊन तो आपणच निवडला म्हणून सांगत. अक्का सकाळी बैलाकडे बघतसुद्धा नसत. "सकाळच्याला पानी पाजून, शिंगं रंगवून आनलेलं समदंच देखनं दिसतंय," त्या म्हणायच्या. "दुपारी बघावं. ऊन डोस्क्यावर, पोटात न्हाई पानी, अन् तरीबी हाक मारली की कान हालवतो का." माझीही पारख त्यांनी अशीच केली होती. लग्नानंतर पहिल्यांदा मला भाकरी थापायला लावल्या त्या वैशाखातल्या दुपारी, पत्र्याखालच्या चुलीवर. भाकरी बऱ्या झाल्या असाव्यात, कारण संध्याकाळी त्यांनी गल्लीत सांगितलं, की लातूरचं जनावर दिसायला नाजूक हाय पण चालतंय. मी दोन दिवस रुसले होते.

या अशा बाईच्या मनात एकच सल होता. मंगल शिकली आणि किनवटकडच्या जंगलात मुलींच्या निवासी शाळेवर बाई म्हणून गेली. लग्न आधी की नोकरी आधी यावर भाऊकीत वाद झाला. आमच्या भाऊकीतले वडीलधारे म्हणजे वरच्या आळीचे आप्पा, अक्कांचे थोरले चुलतभाऊ. किराणा दुकान, कपाळभर विभूती, आणि सांगितलेलं ऐकून घ्यायची सवय नसलेला माणूस. त्यांनी एका कार्यात भर पंगतीत सांगून टाकलं, "एकली पोर रानात धाडनारी आई आमच्या पंगतीला नको." त्या दिवसापासून आप्पांच्या घरच्या कार्याचं बोलावणं आम्हाला यायचं, अक्कांना यायचं नाही. त्याचं उत्तर अक्का पहाटे जात्यावर बसल्या की एका ओवीत देत. ती त्यांनीच रचलेली होती:

लेक गेली डोंगरात, नका म्हनू गं एकली
तिच्या मागं शंभर लेकी, रानवाट गं झाकली

मंगल सुट्टीला यायची तेव्हा जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून हीच ओवी म्हणायची. दोघींचे आवाज इतके सारखे होते, की खुंटा कुणाच्या हातात आहे ते बघितल्याशिवाय कोण गातंय ते कळत नसे.

दुष्काळ पडला आणि त्या वर्षी मंगलला दिवाळीलाही येता आलं नाही. शाळेतल्या मुलींना घरी धाडून उपाशी ठेवण्यापेक्षा वसतिगृहातच ठेवलं होतं, आणि त्यांच्यासोबत ती राहिली. गावात विहिरींनी तळ दाखवला. अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. अशात उदगीरच्या एका ओळखीच्या कंडक्टरने मंगलचा निरोप आणला. ती आपल्या मुलींना घेऊन परभणीच्या आकाशवाणी केंद्रावर गाऊन आली होती, आणि येत्या सोमवारी दुपारी बायकांच्या कार्यक्रमात ते गाणं लागणार होतं.

आमच्या घरी रेडिओ नव्हता. गावात खरा मोठा रेडिओ एकच, आप्पांचा. लाकडी पेटी, सोनेरी बटणं, वर जाळीचा रुमाल. पण तो दुपारी नुसता खरखरायचा. आप्पांनी त्याचं कारणही शोधलं होतं. "दुष्काळानं आभाळ कोरडं पडलंय. आवाजाला यायला जरा ओल लागती," ते सांगत, आणि दुकानात बसलेली माणसं माना डोलवत. ओल नसताना तोच रेडिओ रात्री सिलोनपर्यंत कसा पोचतो, हे कुणी विचारत नसे. उधारीवर सामान नेणाऱ्याने कशाला विचारावं?

"सुमन, उद्या लातूरला जायचंय," अक्कांनी मला सांगितलं. "रेडू घ्यायचा."

हे म्हणाले, "दुष्काळात रेडिओ? लोक काय म्हणतील?"

"लोकं लई दिवसापासून म्हनूनच ऱ्हायलेत. आता जरा दुसरं कुनीतरी बोलू दे." पैसे अक्कांनी साठवलेले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

लातूरला माझ्या माहेरच्या ओळखीचं रेडिओचं दुकान होतं, डाळमिलच्या शेजारी. आम्ही पोचलो तेव्हा उन्हाचा तडाखा होता. दुकानदार जेवायला निघालेला. तो नम्रपणे म्हणाला, "बाई, संध्याकाळी या. तेव्हा सगळी स्टेशनं मस्त लागतात."

"म्हनूनच आत्ता आलो," अक्का म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

पुढचा प्रकार मी जन्मात विसरणार नाही. दुकानदाराने आधी आप्पांकडे होता तसला सोनेरी बटणांचा, सगळ्यात दिमाखदार सेट काढला आणि त्यावर किती देशांची स्टेशनं लागतात ते सांगायला लागला. अक्का म्हणाल्या, "मला धा मुलूख नको. एक परभनी पायजे." मग एकेक सेट लावून त्यांनी परभणी ऐकली. एकावर परभणीच्या मागे धारवाडचा माणूस कन्नडमध्ये बोलत होता. दुकानदार म्हणाला, थोडं होतंच तसं. अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "एका घरात दोघी एकदम बोलल्या की एकीचंबी कळत न्हाई. हे मला न् हिला चांगलं ठाऊक हाय." तो सेट बाद झाला. दुसऱ्यावर आवाज मोठा होता, पण डाळमिलची मोटार सुरू झाली तशी त्यात भुंग्यासारखी घरघर मिसळली. तोही बाद. मिलवाल्याने मोटार बंद केली, तर अक्कांनी मला तिकडे पाठवलं, म्हणाल्या, त्यांना म्हनावं चालू ऱ्हाऊ द्या, आमी रेडू बघून ऱ्हायलोय. मी गेले. माहेरच्या गावात माझी काय शोभा झाली असेल, ते सांगत नाही.

शेवटी अक्कांनी सेटची पाठ उघडायला सांगितली. दुकानदार आता हसायला लागला होता, पण त्याला मजाही वाटत होती. आत एक काळी कांडी होती, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. आवाज हीच धरते, असं त्याने सांगितलं. मग काय, अक्कांनी सगळ्या सेटांच्या पाठी उघडायला लावल्या. सोनेरी बटणांच्या सेटात कांडी करंगळीएवढी निघाली. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या, काळ्या-करड्या, बोजड सेटात मात्र ती पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.

"दावं लांब असलं की जनावर जास्ती चरतंय," अक्का म्हणाल्या. "हाच बांधा."

दुकानदार म्हणाला, "बाई, हा कुणी घेत नाही. दिसायला असा आहे."

"मी काय त्येच्याशी लगीन लावून ऱ्हायले?"

सेट घरी आला. संध्याकाळी ह्यांनी हळदकुंकू वाहून तो ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवला, पूर्वेला तोंड करून. आमच्याकडे देव असो, तुळस असो की नवी शिलाई मशीन असो, तोंड पूर्वेलाच. रात्री काय विचारता, दिल्ली आली, हैदराबाद आलं, धारवाड आलं. हे खूश. अक्का मात्र भिंतीला टेकून बसल्या होत्या. "उद्या दुपारी बघू," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, परभणीच्या जागी नुसती खरखर. कान लावला तर आत खोल विहिरीत कुणी बोलतंय असं वाटायचं. गल्लीत बातमी पसरायला काय वेळ लागतो. आप्पा मुद्दाम आमच्या दारावरून गेले. आत आले नाहीत, दारातूनच ह्यांना म्हणाले, "सांगितलं व्हतं मी. आभाळ कोरडं हाय. अन् गिरजेला बैलातलं कळतंय म्हनून काय यंत्रातलं कळनार हाय?"

हे म्हणाले, "अक्का, परत करून येऊ. दुकानदार ओळखीचा आहे." आणि मी पाहिलं, की अक्कांचा चेहरा पहिल्यांदाच पडला होता. रेडिओ वाईट निघाला याचं त्यांना काही नव्हतं. उद्या दुपारी लेक गाणार होती आणि ज्या गावाने तिला वाया गेलेली ठरवलं, त्या गावात ते गाणं खरखरीत बुडून जाणार होतं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की भाकरीचा रागरुसवा सगळा तिथेच संपला.

अक्कांनी बसल्या जागेवरून ती देवळी न्याहाळली. मग म्हणाल्या, "बाजारात चाललेलं जनावर गोठ्यात अडलं तर खोड जनावराची नसती. दावनीची असती." उठल्या आणि देवळीतून सेट काढून छातीशी धरून वळल्या. त्या वळल्या आणि परभणी एकदम स्पष्ट बोलली. बाजारभाव सांगत होती. अक्का जागच्या जागी थबकल्या. पुन्हा देवळीकडे वळल्या, आवाज गेला. इकडे वळल्या, आला. मग त्यांनी सेट ओसरीच्या मधोमध ठेवला आणि खळ्यावर मेढीभोवती बैल फिरवतात तसा हळूहळू फिरवला. पूर्वेला तोंड केलं की गप्प. दक्षिणेला केलं की बोलतो. पश्चिमेला गप्प. उत्तरेला पुन्हा बोलतो.

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लातुरात शिकणाऱ्या मुलाने याचं कारण सांगितलं. परभणी आमच्या सरळ उत्तरेला. कांडी पेटीत आडवी असते. तिच्या कुशीवर येणारा आवाज ती धरते, टोकावर येणारा धरत नाही. पूर्वेला तोंड केलं की कांडीचं टोक नेमकं परभणीकडे व्हायचं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मलाबी कुनी शेंड्याकडून हाक मारली तर मी ओ देत न्हाई."

पण त्या रविवारी कारण कुणाला हवं होतं? अडचण वेगळीच होती. ऐकणारी माणसं बसणार अंगणात, अंगण ओसरीच्या दक्षिणेला. उत्तरेला तोंड केलं तर रेडिओची पाठ माणसांकडे. म्हणजे तोंड दक्षिणेलाच करायला हवं. हे घाबरले. "अक्का, दक्षिण ही यमाची दिशा. नवी वस्तू दक्षिणेला तोंड करून कुणी ठेवतं का?"

"येशीतला मारुती कुनीकडं तोंड करून हाय?"

"दक्षिणेला."

"त्येला नारळ फोडता का न्हाई? मारुती दक्षिणमुखी चालतो, मग रेडू का न्हाई? अन् आपला शंकर कंच्या दिशेला न्हाई, त्ये दाव मला." रेडिओ दक्षिणेला तोंड करून बसला.

सोमवारी दुपारी खडीवरच्या बायका सुट्टीत थेट आमच्या अंगणात आल्या. केसांत धूळ, पदरात कामावर मिळालेली सुकडी बांधलेली. लिंबाखाली जागा पुरेना. कार्यक्रम सुरू झाला. आधी कुणीतरी बाळाच्या आरोग्याविषयी बोललं. मग निवेदिकेने शाळेचं नाव घेतलं, मंगलचं नाव घेतलं, आणि खरखरीचा एक कणही मध्ये न येता मंगल बोलली. मुली आपापल्या तांड्यांवरून, पाड्यांवरून शाळेत कशा आल्या, ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. शेवटी म्हणाली, "आता आम्ही म्हणणार आहोत त्या ओव्या माझ्या आईच्या आहेत. तिने जात्यावर रचलेल्या."

अंगणातल्या बायकांनी एकदम अक्कांकडे पाहिलं. अक्का रेडिओच्या अगदी पुढ्यात, मांडी घालून बसल्या होत्या. मंगलने पहिली ओळ उचलली, लेक गेली डोंगरात, नका म्हनू गं एकली. आणि तिच्या पाठोपाठ कितीतरी मुलींनी तीच ओळ धरली. जात्यावर एका गळ्यातून निघालेली ती ओळ इतक्या गळ्यांतून येताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांकडे वळून पाहते तो त्या उठून दाराबाहेर पडलेल्या.

मला वाटलं, बाईंना सहन झालं नाही. मी मागे धावले. अक्का पदर खोचून वरच्या आळीला चालल्या होत्या, बाजाराला उशीर झाल्यासारख्या. आप्पांचं घर चार दारं सोडून. ज्या घराचा उंबरा त्यांना बंद होता तो त्यांनी न विचारता ओलांडला. आप्पा आपल्या रेडिओसमोर एकटेच बसले होते आणि रेडिओ खरखरत होता. म्हणजे त्यांनीही नेमक्या त्याच वेळेला परभणी लावली होती. एवढं मात्र मी नीट पाहिलं.

अक्कांनी जाळीचा रुमाल बाजूला केला, ती सोनेरी बटणांची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि दक्षिणेला तोंड करून ठेवली. खरखर विरली. आवाज आमच्यासारखा खणखणीत नव्हता, कांडी लहान होती ना, पण शब्द न् शब्द कळत होता. तिच्या मागं शंभर लेकी, रानवाट गं झाकली. मुली पुन:पुन्हा तीच ओळ घोळवत होत्या. आप्पांनी मान खाली घातली. ओव्या संपेपर्यंत ती वर केली नाही.

संपल्यावर अक्का म्हणाल्या, "आभाळात ओल हाय, आप्पा." आणि आम्ही निघालो.

वाटेत मी म्हटलं, "अक्का, अहो, एवढा रेडिओ घेतला आणि निम्म्या ओव्या तुम्ही ऐकल्याच नाहीत."

"मला काय ऐकायचं त्यात? माझीच ओवी, मला पाठ हाय," अक्का म्हणाल्या. "ऐकायची गरज आप्पाला व्हती."

पुढच्या श्रावणात आप्पांच्या घरच्या कार्याचं बोलावणं आलं, ते द्यायला आप्पा स्वतः आले. अक्का गेल्या, आणि पंगतीत वाढलेली बुंदी कशी कच्ची आहे ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं. गावात पुढे ज्याने ज्याने रेडिओ घेतला त्याने अक्कांना दुकानात नेलं, आणि घरोघर रेडिओ दक्षिणेला तोंड करून बसले. बाहेरगावच्या माणसाला वाटे, या गावात काहीतरी नवस आहे. दहाएक वर्षांनी लातूरचा वेगळा जिल्हा झाला, ती बातमीही गावाने त्याच रेडिओवर आमच्या अंगणात ऐकली. पेढे वाटले गेले. ह्यांनी उत्साहाच्या भरात रेडिओचं तोंड लातूरकडे वळवलं, आता आपला जिल्हा तिकडे म्हणून, आणि बातमी मध्येच गडप झाली. "जिल्हा हालला आसंल, परभनी न्हाई हालली," असं म्हणून अक्कांनी तो पुन्हा जागेवर आणला.

पुढे काही वर्षांनी नव्या जिल्ह्यात मंगल मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन आली, आणि एका दुपारी परभणीवर तिचं भाषण लागलं. तोवर ज्या कानांवर गावाचा भरवसा होता, ते अक्कांचे कान गेले होते. ओरडून सांगितलं तरी निम्मं कळायचं. मला धास्ती होती, की आज बाईंना फार वाईट वाटेल. अंगण पुन्हा भरलं. आप्पाही आले, काठी टेकत, पुढच्या खुर्चीवर बसले. अक्कांनी काय केलं, तर आपला पाट रेडिओच्या शेजारी ठेवला आणि रेडिओकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसल्या. मी हातानेच विचारलं, असं का? म्हणाल्या, "तुमी ऐका. मी तुमची तोंडं बघते."

भाषण सुरू झालं. मंगल काही गमतीचं बोलली, आम्ही हसलो, आणि आमच्या पाठोपाठ अक्का हसल्या. ती दुष्काळातल्या मुलींविषयी बोलायला लागली तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अक्का ते सगळं एकेक चेहऱ्यावरून वाचत होत्या, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा असा काही फुलला होता, की मी रेडिओ सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. अक्का त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. तो काळा-करडा सेट आता माझ्याकडे लातूरला आहे, दक्षिणेला तोंड करून, आणि कुणी शहाणा ते वाईट म्हणाला तर मी त्याला वेशीतल्या मारुतीची आठवण करून देते. पण अक्का म्हटलं की मला ती दुपार दिसते.

भाषण संपलं तेव्हा अक्का आप्पांकडे वाकून मोठ्याने म्हणाल्या, "आप्पा, आवाज नीट आला का?"

जन्मभर त्यांना गिरजे म्हणत आलेल्या आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले, आणि त्यांना कळावं म्हणून सावकाश, ओठ स्पष्ट हलवत ते म्हणाले, "आला, अक्का. समदा आला."